राणीचे घड्याळ की कारागिरांचे?

यरुशलेममध्ये राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानाजवळ, हापालमाख रस्त्यावर, इस्लामी कलेचे एक संग्रहालय आहे. आपल्या समाजाच्या सहली यरुशलेमला जातात त्या कोतेल, याद वाशेम आणि मोठे इस्राएल संग्रहालय पाहून परत फिरतात. हे संग्रहालय बहुधा राहूनच जाते. तेथे गालिचे, काचसामान, धातूची भांडी, हस्तलिखिते असे पुष्कळ काही आहे. परंतु आजचा आमचा विषय त्यातील एका वेगळ्याच दालनाचा आहे. भक्कम तिजोरीसारख्या त्या दालनात युरोपातील जुनी घड्याळे ठेवलेली आहेत आणि त्यांपैकी पन्नासाहून अधिक एकट्या ब्रेगे या घड्याळजीच्या कारखान्यातील आहेत.

इस्लामी कलेच्या घरात पॅरिसची घड्याळे कशी आली, हा प्रश्न वाचकांना पडेल. सर डेव्हिड लायनेल सॉलोमन्स हे इंग्लंडमधील श्रीमंत यहुदी गृहस्थ होते. त्यांचे चुलते, त्यांचेही नाव डेव्हिड सॉलोमन्सच, १८५५ साली लंडनचे पहिले यहुदी लॉर्ड मेयर झाले. पुतण्याला यंत्रांचे वेड. त्याने घरी कर्मशाळा थाटली होती, आणि १८९५ साली टनब्रिज वेल्स येथे मोटारगाड्यांचे प्रदर्शन भरवले होते. ब्रेगेची घड्याळे जमवण्यात त्याने आयुष्याची पुष्कळ वर्षे घातली व १९२१ साली त्यांवर ग्रंथही लिहिला. त्याचा एकुलता एक मुलगा १९१५ साली पहिल्या महायुद्धात, गॅलिपोलीजवळ जहाज बुडून मरण पावला. मागे राहिलेल्या मुलींपैकी व्हेरा सॉलोमन्स यांनी पुढे यरुशलेमला हे संग्रहालय स्थापन केले, त्याला आपले स्नेही व मार्गदर्शक प्राध्यापक लिओ आर्ये मायर यांचे नाव दिले आणि वडिलांची घड्याळेही तेथेच ठेवली. संग्रहालय १९७४ साली उघडले. त्यापूर्वीच, १९६९ साली, व्हेराबाई निवर्तल्या होत्या.

या दालनात लोक जातात ते मुख्यतः एका घड्याळासाठी. ब्रेगेच्या वहीत त्याचा क्रमांक १६०. जग मात्र त्याला मारी आंत्वानेत याच नावाने ओळखते. गोष्ट अशी सांगतात, की १७८३ साली फ्रान्सच्या राणीच्या रक्षकदलातील एका अधिकाऱ्याने ब्रेगेकडे मागणी नोंदवली. त्या काळी घड्याळाला जे जे करता येते ते सर्व या एका घड्याळाने करावे, जेथे जमेल तेथे इतर धातूऐवजी सोने वापरावे, पैशाची व वेळेची मर्यादा नाही. ब्रेगेने काम हाती घेतले. १७८९ साली क्रांती झाली. १७९३ साली राणीचे मस्तक उडाले. ब्रेगेही त्याच वर्षी जीव वाचवून आपल्या मायदेशी, स्वित्झर्लंडला गेला व १७९५ साली परतला. १८२३ साली तोही वारला. घड्याळ पुरे झाले ते १८२७ साली, म्हणजे मागणीनंतर चव्वेचाळीस वर्षांनी आणि राणीच्या मृत्यूनंतर चौतीस वर्षांनी.

आता वाचकांनीच विचार करावा. ज्या बाईने हे घड्याळ कधी पाहिले नाही, हातात धरले नाही, ज्याची एक टिकटिकही तिच्या कानी पडली नाही, त्या बाईचे नाव त्यावर कायमचे बसले. ज्यांनी ते घडवले, त्यांचे नाव वर्तमानपत्रांत येत नाही आणि ते कोणी विचारीतही नाही. आमची तक्रार येथून सुरू होते.

प्रथम वस्तूविषयी बोलू, कारण न पाहता तक्रार करणे हा शिक्षकी धर्म नव्हे. हे खिशात ठेवायचे घड्याळ आहे, तळहातात मावेल एवढे. त्यात आठशेहून अधिक भाग आहेत. तबकडी पारदर्शक स्फटिकाची असल्यामुळे आतील चाके, पट्ट्या, तरफा उघड्या दिसतात. हे घड्याळ खिशात चालताना अंगाच्या हालचालीने आपोआप चावी घेते. कळ दाबली की तास, पाव तास व मिनिटे यांचे ठोके देते. तारीख, वार, महिना दाखवते आणि कोणत्या वर्षी फेब्रुवारी एकोणतीस दिवसांचा हे त्याला सांगावे लागत नाही. हवेचे तापमान दाखवणारा काटा आहे. चावी किती उरली ते दाखवणारा काटा आहे. जेथे भागावर भाग घासतो तेथे नीलमणी बसवला आहे.

त्यातील एक करामत आपल्या लोकांना विशेष भावेल. घड्याळाचे बारा आणि सूर्याचे बारा नेहमी एक नसतात. वर्षात चारच दिवस दोघांचे जुळते. एरवी सूर्य कधी पाव तासाहून थोडा पुढे, कधी जवळजवळ तेवढाच मागे असतो. हा फरक क्रमांक १६० रोज स्वतः मोजून दाखवते. ज्यांच्या घरी शब्बाथच्या मेणबत्त्या सूर्याच्या हिशेबाने लागतात, त्यांना हा फरक काय हे समजावून सांगायला नको. मूत्रपिंडाच्या आकाराचे एक चाक वर्षातून एक फेरा घेते आणि त्याच्या कडेवर टेकलेली तरफ त्या आकाराप्रमाणे वरखाली होते, एवढेच ते यंत्र. पण ती कड कानशीने घासून अचूक आकारात आणणारा हात किती स्थिर असेल! एक केस जास्त घासली गेली की त्या ऋतूचे सगळे दिवस चुकले.

आता आमचे मत. क्रमांक १६० हे आश्चर्य आहे, यात वाद नाही. परंतु ते ब्रेगेचे सर्वांत सुंदर घड्याळ आहे, असे आम्हाला वाटत नाही. सर्व काही एकत्र मागणाऱ्या गिऱ्हाइकाचा हट्ट त्यात दिसतो. उघड्या चाकांवरून फिरणारे इतके काटे, की किती वाजले हे चटकन कळत नाही. लग्नात नवरीला घरातले सगळे दागिने एकदम घातले की दागिने दिसतात, नवरी दिसत नाही, तसे काहीसे झाले आहे.

ब्रेगेची खरी किमया साध्या घड्याळांत आहे. अब्राहाम लुई ब्रेगे १७४७ साली स्वित्झर्लंडमधील नशातेल येथे जन्मला आणि १७७५ साली त्याने पॅरिसमध्ये सेन नदीच्या काठी दुकान थाटले. त्या वेळची श्रीमंतांची घड्याळे जाडजूड असत. पाठीवर मिन्याची रंगीत चित्रे, कडेला फुले, मोती, हिरे. ब्रेगेने हे सगळे हळूहळू काढून टाकले. घड्याळ पातळ केले. तबकडी पांढऱ्या शुभ्र मिन्याची, आकडे बारीक व किंचित कललेले, काटे निळसर पोलादाचे आणि टोकापाशी चंद्रासारखे एक पोकळ वर्तुळ. आजही जगभर त्या काट्यांना ब्रेगेचे काटे म्हणतात.

सोन्याचांदीच्या तबकड्यांवर त्याने एक बारीक नक्षी आणली. फ्रेंच लोक तिला गियोशे म्हणतात. हाताने फिरवायच्या लेथवर धातूची चकती बसवून, टोकदार हत्याराने केसासारख्या रेषा एकमेकींना लागून ओढायच्या, की पाण्यावरच्या तरंगांसारखे किंवा चटईच्या विणीसारखे काम उमटते. ज्यांनी माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये किंवा येथे लोदच्या विमान कारखान्यात लेथवर आयुष्य काढले, त्यांना ही गोष्ट आमच्यापेक्षा जास्त कळेल. एका हाताने चाक फिरवायचे, दुसऱ्या हाताने हत्याराचा दाब सारखा ठेवायचा. मध्ये हात थबकला की ती खूण पुसता येत नाही, चकती टाकून द्यावी लागते.

ही नक्षी नुसती शोभेची नाही. चकचकीत धातूवर उजेड पडला की डोळे दिपतात. रेषा ओढल्या की चमक मरते आणि काटे स्पष्ट दिसतात. तासांची जागा, सेकंदांची जागा, चावीची जागा यांना वेगवेगळी वीण दिली की नजर आपोआप योग्य ठिकाणी जाते. शोभा आणि उपयोग यांचे असे लग्न जेथे लागते, तेथे कारागिरी कलेच्या पंक्तीला बसते, असे आम्ही मानतो. दालनात जाल तेव्हा राणीच्या घड्याळापुढची गर्दी ओसरण्याची वाट पाहत उभे राहू नका. आजूबाजूच्या साध्या तबकड्या आधी पाहा. मान थोडी कलती केलीत तर नक्षीवरचा उजेड हलताना दिसेल.

क्रांतीनंतर ब्रेगेचे जुने गिऱ्हाईक कोणी मेले, कोणी पळाले. तेव्हा त्याने १७९७ सालच्या सुमारास एक नवे घड्याळ काढले. त्याला एकच काटा. तबकडीवर प्रत्येक दोन तासांच्या आकड्यांमध्ये पाच पाच मिनिटांच्या खुणा, त्यामुळे एका काट्यानेही वेळ वाचता येई. यंत्र सोपे, कोणत्याही गावच्या घड्याळजीला दुरुस्त करता येईल असे. किमतीचा चौथा हिस्सा आधी भरायचा, उरलेले पैसे घड्याळ हाती आल्यावर. अशी सुमारे सातशे घड्याळे विकली गेली. तसेच अंधारात किंवा चारचौघांत खिशातून न काढता बोटांनी चाचपून वेळ कळावी, असे घड्याळही त्याने केले. कडेला उंच टिकल्या आणि झाकणावर फिरणारा बाण. आमच्या वयाच्या, चष्मा सापडत नसलेल्या माणसाला ते आजही चालेल! राणीसाठी चव्वेचाळीस वर्षे घालवणाऱ्या कारखान्याने सामान्य गिऱ्हाइकासाठी एका काट्याचे घड्याळ केले, ही गोष्ट आम्हाला अधिक मोठी वाटते.

आता कारागिरांकडे येऊ. ब्रेगेचे घड्याळ म्हणजे ब्रेगेने एकट्याने बसून केलेले घड्याळ, असा समज असतो. तो खरा नाही. कच्चे भाग एकाकडून येत, चाके दुसरा कापी, मिन्याची तबकडी तिसरा भट्टीत भाजी, सोन्याची पेटी चौथा घडवी, नक्षी पाचवा ओढी, जुळणी व शेवटची सफाई आणखी कोणी करी. डोळा ब्रेगेचा, कल्पना ब्रेगेची, शिस्त ब्रेगेची. हात मात्र अनेकांचे. क्रमांक १६० तर तो गेल्यानंतर, त्याचा मुलगा आंत्वान लुई याच्या काळात पुरा झाला. म्हणजे ते घड्याळ राणीने पाहिले नाही, आणि पुरे झालेले ब्रेगेनेही पाहिले नाही. पुरे झालेले पाहिले ते कारखान्यातल्या माणसांनी.

ब्रेगेला स्वतःच्या नावाची किंमत चांगली ठाऊक होती. लोक बनावट घड्याळांवर त्याचे नाव घालून विकू लागले, तेव्हा त्याने तबकडीवर आपली सही इतकी बारीक कोरायला सुरुवात केली, की तिरप्या उजेडात धरल्याशिवाय ती दिसू नये. आणि त्याच्या हाताखाली शिकून बाहेर पडलेले काही घड्याळजी, उदाहरणार्थ ऊदाँ व फातों, आपल्या घड्याळांवर स्वतःच्या नावाबरोबर ब्रेगेचा शिष्य असे अभिमानाने घालीत. आयुष्यभर शिकवण्याचे काम केलेल्या माणसाला हे वाचून बरे वाटते. पण शिष्याने गुरूचे नाव घ्यावे, तसे गुरूच्या घराने आणि त्या घराच्या संग्राहकांनी शिष्यांचेही नाव घ्यावे, ही अपेक्षा अवाजवी नाही.

आणि ती अपेक्षा करायला याच संग्रहालयाइतकी योग्य जागा दुसरी नाही. त्याचे कारण मायर साहेब. ज्यांच्या नावाने ही इमारत उभी आहे, त्या प्राध्यापक मायर यांनी आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत काय केले? इस्लामी देशांतील कारागिरांची नावे गोळा केली. १९५६ साली वास्तुकारांची यादी, त्याच वर्षी ताऱ्यांवरून वेळ काढण्याची अॅस्ट्रोलेब नावाची यंत्रे करणाऱ्यांची यादी, १९५८ साली लाकडावर कोरीवकाम करणाऱ्यांची, १९५९ साली धातुकाम करणाऱ्यांची. दरवाजावर, तांब्याच्या तबकावर, यंत्राच्या पाठीवर कोपऱ्यात कोरलेली सही वाचायची, त्या माणसाने आणखी काय केले ते शोधायचे आणि अक्षरक्रमाने लिहून ठेवायचे. सुलतानांची नावे इतिहासाने जपलीच होती. मायर यांनी सुताराचे व तांबटाचे नाव जपले. त्यांच्या घरात ठेवलेल्या घड्याळांनाही हीच फूटपट्टी लावावी, एवढेच आमचे म्हणणे आहे. राणीचे नाव खुशाल राहो. त्याच्या खाली, ब्रेगेच्या वह्यांवरून सापडतील तेवढी, काम करणाऱ्यांची नावे मोठ्या अक्षरांत असावीत.

१९८३ सालच्या एप्रिल महिन्यात, शुक्रवारच्या रात्री, या संग्रहालयात चोरी झाली, हे वाचकांपैकी पुष्कळांना आठवत असेल. शंभराहून अधिक वस्तू गेल्या, त्यांत क्रमांक १६० ही होते. तेवीस वर्षे पत्ता लागला नाही. चोर मरण पावल्यानंतर २००६ साली वस्तू परत येऊ लागल्या आणि १०६ पैकी ९६ मिळाल्या. या चोराची कथा वर्तमानपत्रांनी इतक्या चवीने सांगितली आहे, की त्याचे नाव सर्वांना पाठ आहे. आम्ही ते येथे लिहीत नाही. कारागिराचे नाव नसलेल्या घड्याळाला चोराचे नाव चिकटावे, हे आम्हाला पटत नाही. त्यापेक्षा दुसरी दोन नावे लक्षात ठेवावीत. इंग्लंडचे घड्याळजी जॉर्ज डॅनियल्स आणि यरुशलेमचे घड्याळजी ओहानेस मार्करियन. चोरीच्या आधी तीनच वर्षे, १९८० साली, या दोघांनी सॉलोमन्स संग्रहातील घड्याळांची सविस्तर सूची प्रसिद्ध केली होती. काय हरवले आहे हे जगाला नेमके सांगता आले, ते अशा कामामुळे.

घड्याळ बेपत्ता असतानाच ब्रेगे कंपनीने त्याची प्रतिकृती करण्याचे ठरवले. मूळ वस्तू समोर नाही. जुन्या वह्या, रेखाटने, छायाचित्रे आणि आजच्या घड्याळजींचे हात, एवढ्या भांडवलावर ती प्रतिकृती २००८ साली पुरी झाली. तिची पेटी व्हर्सायच्या बागेतील, राणीला आवडणाऱ्या ओक वृक्षाच्या लाकडाची केली. यातला धडा आम्हाला महत्त्वाचा वाटतो. वस्तू तिजोरीत ठेवूनही चोरीला जाते. कसब लिहून ठेवलेले असेल आणि एका हाताने दुसऱ्या हाताला शिकवलेले असेल, तर ते पुन्हा उभे राहते.

तिजोरीखेरीज दुसराही धोका असतो. २०२० साली संग्रहालयाच्या विश्वस्तांनी पैशांच्या गरजेपोटी अडीचशेहून अधिक वस्तू लंडनला लिलावात काढल्या. इस्लामी कलावस्तूंबरोबर काही घड्याळेही त्यांत होती. देशात आरडाओरड झाली, राष्ट्राध्यक्ष रूवेन रिवलिन यांनीही चिंता व्यक्त केली, लिलाव थांबला आणि पुढच्या वर्षी तडजोड होऊन वस्तू परत आणण्याचे ठरले. संग्रहालय चालवायला पैसा लागतो, हे आम्ही जाणतो. परंतु ज्या समाजाला वस्तूमागचा माणूस माहीत नसतो, त्याला वस्तू विकताना फारसे दुःख होत नाही. नुसती किंमत माहीत असलेली वस्तू आज ना उद्या बाजारात जाते.

हे सर्व आम्ही आपल्या मासिकात लिहीत आहोत याला कारण आहे. तोराने पवित्र मंडपाचे मोजमाप सांगितले, सोने, रुपे, तांबे सांगितले, आणि त्याचबरोबर तो घडवणाऱ्यांची नावेही सांगितली. उरीचा मुलगा बसालेल आणि त्याचा सोबती अहलियाब. इतक्या जुन्या काळी कारागिराचे नाव बापाच्या नावासकट लिहून ठेवणारा आपला ग्रंथ आहे. आणि आपण बेने इस्राएल लोक कोकणात ओळखले गेलो ते कशावरून? शनिवार तेली, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली. धंदा आणि शब्बाथ, दोन्ही त्या एका नावात आले. पण घाणा कोणत्या लाकडाचा करीत, लाट कोण घडवी, कोणत्या गावचा सुतार त्यात वाकबगार होता, हे आज आपल्यापैकी किती जण सांगू शकतील? आपल्या आजोबांच्या पिढीतले सुतार, गवंडी, फिटर यांनी कोकणातल्या व मुंबईच्या सिनेगॉगांची बाके, तेबा, हेखाल यांना हात लावला असेल. देणगी देणाऱ्यांची नावे संगमरवरी पाटीवर आहेत. रंधा मारणाऱ्याची पाटी आम्ही पाहिलेली नाही.

ती पाटी लावणे आता कोकणातल्या कोणाच्या हातात नाही, आपल्या हातात आहे. आपल्या घरी एखादा किद्दुश कप, मेझूझाची पेटी, आजीने भरलेले तोरा-आच्छादन किंवा वडिलांच्या हत्यारांची पेटी असेल, तर ती कोणी केली, कोणत्या गावी केली, हे एका कागदावर मराठीत किंवा इव्रीतमध्ये लिहून त्या वस्तूबरोबर ठेवावे. नातवंडांना मराठी वाचता येत नसेल तर त्यांच्याकडूनच इव्रीतमध्ये लिहून घ्यावे. मायर साहेबांनी याहून वेगळे काही केले नाही, फक्त पुष्कळ केले.

आणि पुढच्या वेळी यरुशलेमला जाल तेव्हा दोन तास या संग्रहालयासाठी राखून ठेवा. वरच्या मजल्यांवर मायर यांच्या आवडीचे धातुकाम आहे, तेही चुकवू नका. घड्याळांपुढे उभे राहिलात की सोबतच्या नातवंडांना राणीची गोष्ट जरूर सांगा, मुलांना ती आवडते. मग त्यांना विचारा, हे कोणी केले? उत्तर पाटीवर नसेल, तर संग्रहालयाच्या अभिप्रायाच्या वहीत तोच प्रश्न स्वच्छ अक्षरांत लिहून या.